देणाऱ्याची सही

रविवार, २२ नोव्हेंबर १९९८. सकाळी दहा वाजता, नेरूळला आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये. हजर: मी, वाशीहून आलेल्या वकीलबाई, शिरवण्याचे भाऊ, म्हणजे एका खासगी शाळेतले कारकून, आणि माझा नवरा, जो चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात होता आणि म्हणून मी त्याला अर्धा हजर लिहिलं. विषय एकच: भाऊंवर आलेला चोरीचा आरोप.

आरोप नोटिशीतून आला होता. वाशीतल्या एका सॉफ्टवेअर फर्मने शाळेला लिहिलं होतं की तुमच्या कॉम्प्युटरवर मराठी दाखले छापणारा जो प्रोग्राम चालतो तो आमच्या मालकीचा आहे, तो तुमच्या कारकुनाने परवानगीशिवाय घातला आहे, पंधरा दिवसांत काढून टाका आणि संबंधितावर कारवाई करा, नाहीतर आम्ही पोलिसांत जाऊ. शाळेच्या संस्थेने ती नोटीस भाऊंच्या हातात दिली आणि सोमवार, तीस तारखेपर्यंत लेखी खुलासा मागितला. भाऊ चार वर्षं तात्पुरत्या जागेवर होते. जानेवारीत कायम व्हायचे होते. चोर ठरलेल्या माणसाला कोणी कायम करत नाही.

आता जे सांगायलाच हवं ते सांगते. तो प्रोग्राम फर्मचा नव्हता. माझा होता.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स विभागात होते. स्टोअर्समध्ये माणूस याद्यांवर जगतो, आणि याद्या कॉम्प्युटरवर आल्या तेव्हा मीही त्यांच्यामागून कॉम्प्युटरवर गेले. संध्याकाळचा एक कोर्स केला, एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घरी आणला, आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की हा प्रिंटर मराठी छापत नाही. छापणारे प्रोग्राम बाजारात होते, पण ते महाग, शिवाय प्रत्येकाला आपापलं कुलूप. म्हणून मी आलेखाचा कागद घेतला आणि चौकोन पेन्सिलने भरत एकेक अक्षर काढलं. सुटी अक्षरं एका पावसाळ्यात झाली. जोडाक्षरांनी दोन वर्षं घेतली. एकट्या 'ष्ट्र'चे अकरा कागद आहेत.

भाऊ तिसऱ्या वर्षी आले. त्यांना शाळा सोडल्याचा दाखला छापायचा होता, रकान्यांसकट. मी म्हटलं, रकाने तुम्हीच करा, मी शिकवते. त्यांनी शिकून घेतलं. दाखला, बोनाफाईड, प्रगतिपुस्तक हे सगळे नमुने त्यांचे. मूळ प्रोग्रामच्या वर माझ्या नावाखाली त्यांचं नाव आहे, आणि ते तिथे मी घातलं आहे.

हा प्रोग्राम मी विकला नाही. मोफतही नुसता सोडला नाही. या दोन्हींच्या मधली एक तिसरी गोष्ट असते आणि ती मला एका सीडीवर मिळाली. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या त्या सीडीवर कंपायलर होता, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणारं साधन. परदेशातल्या काही लोकांनी तो सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. सोबत त्यांचा परवाना होता. मी औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचते, त्यामुळे तो परवानाही पूर्ण वाचला. आवडला. तसाच माझ्या प्रोग्रामला लावायचं ठरवलं आणि त्याचं सार साध्या मराठीत लिहून काढलं. कोणीही वापरा. हवा तसा बदला. कोणालाही द्या, विकायचा असेल तर विकासुद्धा. पण ज्याला द्याल त्याला सोर्सही द्या, म्हणजे माणसाला वाचता येईल, दुरुस्त करता येईल असा मूळ मजकूर. जे हक्क तुम्हाला मिळाले ते पुढच्याचे अडवू नका. आणि ज्यांनी काम केलं त्यांची नावं पुसू नका.

एवढंच. यात न समजण्यासारखं काय आहे, हे मला आजही कळलेलं नाही.

आमच्या सोसायटीत महिला मंडळाचं वाचनालय मी चालवत असे. तिथल्यासारखंच एक जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर मी प्रोग्रामसाठी केलं. पहिल्या पानावर अटी चिकटवल्या. पुढे रकाने आखले: तारीख, नाव, पत्ता, किती फ्लॉपी, अटी वाचून घेणाऱ्याची सही. सहीशिवाय फ्लॉपी नाही. तुर्भ्याचे छापखानेवाले, बेलापूरचे एक डॉक्टर, सानपाड्याच्या बचत गटाच्या सचिव, मार्केटमधल्या एका गाळ्याचे दिवाणजी, अशा एकेचाळीस सह्या जमल्या होत्या. एकोणतिसावी सही त्या फर्मच्या मॅनेजरची. स्वतः आला होता. व्हिजिटिंग कार्ड दिलं, आलेखाचे कागद पाहून "वा मॅडम" म्हणाला, आणि अटींवरून बोट फिरवत वाचून सही केली.

आठ महिन्यांनी त्यांचा रंगीत खोका बाजारात आला. नाव नवं, अक्षरं माझी, नमुने भाऊंचे. कॉम्प्युटरला प्रिंटरची वायर जोडतात त्या जागी त्यांचं एक प्लास्टिकचं कुलूप, म्हणजे डोंगल, खोचल्याशिवाय चालायचा नाही. सोर्स नाही, नावं नाहीत. मी तीनदा फोन केला. साहेब तिन्ही वेळा मीटिंगमध्ये होते. मग ती नोटीस आली. ज्याने नमुने बनवले त्यालाच त्या नमुन्यांचा चोर म्हणणारी.

तर त्या रविवारी वकीलबाई सोफ्यावर बसल्या, चष्मा बदलला आणि म्हणाल्या, "आधीच सांगते. मी सोसायट्यांची भांडणं लढवते. या सॉफ्टवेअरच्या परवान्यावर आपल्याकडे कोर्टात काही झालंय असं माझ्या ऐकिवात नाही. त्यामुळे मी कायद्याचं पुस्तक घेऊन चार दिवस बसलेय, बस. परवाना दाखवा."

मी रजिस्टर पुढे केलं. खरं सांगायचं तर मिरवत केलं.

त्यांनी अटी वाचल्या. पानं उलटली. "घेणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही... एकेचाळीस. फर्मचीही आहे. छान. आता तुमची दाखवा."

"माझी कशाला? मी देणारी."

"म्हणूनच."

मला कळेना. वाचनालयात पुस्तक नेणारा सही करतो. वाचनालय करत नाही. वीस वर्षं स्टोअर्समध्येही हेच. माल उचलणारा सही करतो.

आतून नवरा म्हणाला, "अहो, ती दूधवाल्याचीसुद्धा सही घेते. स्वतः फक्त मुलांच्या प्रगतिपुस्तकावर करते."

"तुम्ही आलं किसा," वकीलबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हे बघा. वस्तू नेणं वेगळं आणि परवाना मिळणं वेगळं. तुम्ही अक्षरं काढलीत, प्रोग्राम लिहिलात, त्या क्षणी कॉपीराइट तुमचा झाला. त्याला कुठे नोंदणी लागत नाही. आता दुसऱ्याने त्याची प्रत काढायची तर मालकाचा परवाना हवा. आणि कायदा म्हणतो, परवाना लेखी हवा आणि त्यावर मालकाची सही हवी. मालकाची. तुम्ही एकेचाळीस लोकांच्या सह्या घेतल्यात आणि जी एक लागत होती ती केली नाहीत."

मी वहीत लिहून घेतलं: माझी सही नाही. स्टोअर्समध्ये माझ्याकडून अशी चूक कधी झाली नव्हती.

"म्हणजे त्यांचा परवाना पोकळ?" मी विचारलं.

"पोकळच. त्यांना विकायचा हक्कच नाही."

"मग झालं की."

"मंग माझा?" भाऊ म्हणाले. इतका वेळ ते खुर्चीच्या कडेवर, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. "ताई, मीबी त्याच वहीत सही केली. तुमची सही तिथंबी नाय. मंग मी चोर हाय का नाय, तेवडं सांगा."

वकीलबाईंनी चष्मा पुन्हा बदलला.

"तुमचं तोंडी संमती होती म्हणून सांभाळता येईल," त्या म्हणाल्या. "ओढूनताणून. त्यापेक्षा सरळ रस्ता सांगते. मॅडम, आज तुम्ही भाऊंना एक कागद सही करून द्या, फक्त त्यांना. आणि फर्मला नोटीस पाठवा की मी कोणालाही कधीही परवाना दिलेला नाही, तुम्ही माझी नक्कल केलीत. अटी, सोर्स, हे काही काढायचंच नाही. साधी चोरीची केस. जज्जला पाच मिनिटांत कळेल."

"आणि बाकीचे?"

"कोण बाकीचे?"

"एकेचाळिसातून दोन गेले. एकोणचाळीस."

"त्यांना कोण विचारायला जातंय?"

"मी जातेय," मी म्हटलं. "कोणालाही परवाना दिला नाही असं मी कोर्टात लिहून दिलं, तर छापखानेवाले, डॉक्टर, बचत गट, सगळे त्याच दिवशी चोर होतात. त्यांनी माझ्या शब्दावर घेतलंय. मी दिला होता परवाना. या फर्मलासुद्धा दिला होता. विका म्हटलं होतं. त्यांनी विकल्याचा मला राग नाही. अट मोडल्याचा आहे."

"तुमच्या अटीला कोर्टात उभं करणं कठीण आहे, हे मी सांगतेय."

"मग बसून राहील ती. पण खोटं नाही लिहिणार."

"खोटं कुठे? कायद्याने परवाना नाहीच आहे."

"कायद्याने नसेल. मी दिलाय."

वकीलबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी चहाचा कप उचलला, आणि मी त्यांना ओळखत होते. त्या भांडण संपल्याशिवाय चहाला हात लावत नसत. म्हणाल्या, "हा प्रश्न मला नका विचारू. नोकरी यांची आहे. त्यांना विचारा."

बरोबर होतं. मी भाऊंना विचारलं. स्पष्ट विचारलं: बाईंचा रस्ता जवळचा, माझा लांबचा, आणि तीस तारीख आठ दिवसांवर. तुम्ही म्हणाल तसं करू.

भाऊंनी पिशवी खाली ठेवली. "माझ्याकडनं तीन शाळांनी नेलाय," ते म्हणाले. "आमचे गावचे भजनी मंडळानं नेलाय. मी एकटा सुटून काय करू? त्यांना काय तोंड दाखवू?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमचे बापांनी लय सह्या केल्या, ताई. जमिनीच्या कागदांवर. अंगठेबी केले. समोरच्याची सही कुटं हाय, ते कोनी बगितलंच नाय. आमी आपले सही करून घरी आलो."

मी वही मिटली. एवढा शिस्तीचा बडेजाव मिरवणाऱ्या मी नेमकं तेच केलं होतं. लोकांच्या सह्या घेतल्या आणि स्वतः मोकळी राहिले. हे कागदावरून पुसून टाकण्यासारखं नव्हतं. दुरुस्त करण्यासारखं होतं.

"एकेचाळीस परवाने लिहायचे," मी म्हटलं. "प्रत्येकाच्या नावाने. प्रत्येकावर माझी सही. फर्मच्याही."

"जुनी तारीख घालायची नाही," वकीलबाई लगेच म्हणाल्या. "आजची तारीख, आणि स्वच्छ लिहायचं, की या अटींवर मी अमुक दिवशी हा प्रोग्राम दिला, तेव्हा सही राहिली, ती आज करते आणि तेव्हापासून धरते. टिकेल न टिकेल. पण लपवलेलं काही नाही."

"स्टँप पेपर घ्या," भाऊ म्हणाले.

"परवान्याला त्याची गरज नाही, भाऊ."

"असूद्या. स्टँप पेपरवर असला का मानूस उभा राहून वाचतो."

भाऊंच्या म्हणण्यात तथ्य होतं. सोमवारी मी हाफ डे टाकून वाशीला स्टँप पेपर घेतले. विक्रेत्याने विचारलं, "एकेचाळीस? भाडेकरू ठेवताय का बिल्डिंगभर?" मी म्हटलं, प्रोग्राम देतेय. त्याने गणपतीचा की लग्नाचा, असं विचारलं. मजकूर आमच्याच प्रोग्रामने छापला, आमच्याच अक्षरांत. डॉट मॅट्रिक्सच्या आवाजाने शेजारच्या आजी दोनदा दार वाजवून गेल्या. मंगळवारी जेवणानंतर टेबल पुसून मी सह्यांना बसले. पंचविसाव्या सहीनंतर सही माझी दिसेनाशी झाली. नवरा म्हणाला, "बँक चेक परत करेल." एकोणतिसावी मात्र मी पाणी पिऊन, नीट, पूर्ण नावाने केली.

गुरुवारी आम्ही तिघं फर्मच्या ऑफिसात गेलो. एसी, काचेचं दार, रिसेप्शनवर त्यांच्या खोक्यांचा मनोरा. मॅनेजरने आम्हाला बसवलं, कॉफी मागवली. भाऊंना त्याने ओळखलं नाही. नोटिशीत नाव घातलेला माणूस समोर बसलाय हे वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ओ, पर्सनल काही नाही हां. लीगलवाल्यांचं रूटीन असतं."

"आमच्या घरी रूटीन नाय झालं," भाऊ म्हणाले.

मी आलेखाचे कागद, सोर्स आणि रजिस्टर टेबलावर ठेवलं. अक्षरं कोणाची यावर त्याने वादच घातला नाही. त्याचा मुद्दा वेगळाच होता आणि तो त्याने अगदी समजुतीच्या सुरात मांडला.

"मॅडम, तुम्ही फ्लॉप्या वाटल्यात. फुकट. जे फुकट वाटलं त्याला मालक कुठला? आम्ही बॉक्स केला, मॅन्युअल छापलं, सपोर्ट देतो. उद्या कोणीही उठून म्हणेल माझी अट आहे. अट म्हणजे काय, विनंती. चांगली आहे विनंती. रिस्पेक्ट करतो आम्ही."

"विनंती मी पत्रात करते," मी म्हटलं. "ही अट आहे. तुमची सही आहे खाली."

"सही तर मी कुरियरवाल्यालाही देतो. आणि मॅडम, तुमची आहे का त्यावर?" त्याने रजिस्टर उलटं करून माझ्याकडे सरकवलं. म्हणजे त्यांच्या वकिलानेही तेच पुस्तक वाचलं होतं. "नाहीये ना? मग हा परवानाच नाही. सोडून द्या."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोला, असं त्यांच्या नजरेत होतं.

मी पिशवीतून त्याच्या नावाचा स्टँप पेपर काढून समोर ठेवला. भाऊ म्हणाले होते तसंच झालं. तो खुर्चीत पुढे सरकून वाचायला लागला.

"आता दोनच गोष्टी होऊ शकतात," मी म्हटलं. "हा परवाना खरा आहे असं म्हणा. मग तुम्हाला विकायचा हक्क आहे, जरूर विका, पण सोर्स द्या, नावं घाला, आणि जेवढा हक्क तुमचा तेवढाच यांचा. मग यांना नोटीस कशाची? किंवा म्हणा, परवाना खोटा आहे. चालेल. मग तुमच्याकडे माझ्या अक्षरांची एकही प्रत काढायचा हक्क नाही, आणि बाहेर जो मनोरा लावलाय तो आजच्या आज उतरवायचा. मग तरी यांना नोटीस कशाची? माझ्या वस्तूसाठी तुम्ही कोण? कुठलंही घ्या. माझ्या परवान्याशिवाय तुमच्या हातात दुसरं काहीच नाही. तो फाडलात तर तुमचाच फाटतो."

तो फोन घेऊन आतल्या खोलीत गेला. बराच वेळ गेला. भाऊंनी कॉफी प्यायली नाही, मीही नाही. वकीलबाईंनी दोघांच्याही प्यायल्या.

परत आला तेव्हा आवाज बदलला होता. "शाळेला दिलेली नोटीस आम्ही मागे घेतो. गैरसमजातून गेली असं समजा. बाकी काहीही मान्य न करता."

"आणि सोर्स?"

"ते टॉप मॅनेजमेंट बघेल."

"आणि हा कागद?"

त्याने स्टँप पेपर दोन बोटांनी धरून माझ्याकडे सरकवला. "हा नाही घेऊ शकत. घेतला तर आम्ही मान्य केलं असं होईल."

"न घेता विकलं तर काय होतं, तेही मी सांगितलंय."

"मॅडम, प्लीज."

जिन्यात वकीलबाई म्हणाल्या, "आत जे बोललात ते मीच सांगणार होते."

"मग सांगितलं का नाहीत?"

"माझी फी वाचली ना तुमची."

शनिवारी शाळेत फर्मचं पत्र आलं. दोन ओळी. सोमवारी भाऊंनी खुलासा दिला, सोबत ते पत्र आणि माझा सही केलेला परवाना जोडला. हेडमास्तरांनी परवाना उभं राहून वाचला, असं भाऊ मुद्दाम घरी येऊन सांगून गेले. जानेवारीत ते कायम झाले. दाखले अजून आमच्याच प्रोग्रामने निघतात, आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम सुरू झाला की आधी दोन नावं दिसतात.

बाकीच्यांचे परवाने मी आणि भाऊंनी रविवारी रविवारी फिरून पोचवले. तुर्भ्याचे छापखानेवाले कागद हातात घेऊन म्हणाले, "ताई, तेव्हा माझी सही घेतलीत, आता तुमची द्यायला आलात. मधली दोन वर्षं मी काय होतो?"

"चोर," मी म्हटलं. "माझ्यामुळे."

त्यांनी तो कागद फ्रेम करून मशीनच्या वर लावला आहे. डॉक्टर म्हणाले, याची काय गरज होती, विश्वास होता. मी म्हटलं, तुमचा माझ्यावर होता. कागद त्यासाठी नाही, मी उद्या फिरले तर काय, त्यासाठी आहे. बचत गटाच्या सचिवांनी मात्र काही न विचारता कागद घेतला, नीट वाचला, आणि पोच म्हणून माझ्याच वहीत सही मागायच्या आत करून दिली. त्या बाईंशी माझं चांगलं जमतं.

असे चाळीस पोचले. फर्मचा राहिला. तो मी रजिस्टर पोस्टाने पाठवला, 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा तोच शेरा. खोके विकणं चालू आहे. लोक मला सांगतात, झालं ना तुमच्या भाऊंचं काम, आता कशाला ताणता, या परवान्याला कोर्ट विचारणार नाही. विचारेल की नाही ते कोर्ट सांगेल. कोर्टाला आजवर कोणी विचारलंच नाही, म्हणून त्याला उत्तरच नाही असं मला वाटत नाही.

शिवाय काम झालेलं नाही. त्या फर्मने एक गोष्ट चांगली केली आहे आणि ती मी मान्य करते: त्यांचा खोका नव्या इंकजेट प्रिंटरवर चालतो, आमचा प्रोग्राम चालत नाही. भाऊंच्या शाळेला गेल्या जूनमध्ये एक इंकजेट देणगीत मिळाला. तो कपड्याखाली झाकून ठेवला आहे. सोर्स मिळाला तर भाऊ दोन रविवारांत ते काम उचलून आमच्या प्रोग्राममध्ये बसवतील, आणि मग ते चाळीसही जणांना मिळेल, फर्मलाही आमची पुढची दुरुस्ती मिळेल. माझ्या अक्षरांवर उभं केलेलं काम माझ्याच लोकांना बंद आहे. अट होती ती नेमकी यासाठी.

वकीलबाईंनी दाव्याचा मसुदा मार्चमध्येच टाईप करून दिला. ठाण्याच्या कोर्टात दाखल करायचा आहे. सगळे परिच्छेद भरलेले आहेत, फक्त अकरावा माझ्यासाठी मोकळा ठेवला आहे. त्यात वादीने, म्हणजे मी, लिहायचं आहे की सोर्स न दिल्यामुळे माझं काय नुकसान झालं. वकीलबाई म्हणतात रुपयांत आकडा घाला, कोर्टाला आकडा समजतो. मी आकडा घालणार नाही. तेवढे पैसे भरून फर्मवाले मोकळे होतील आणि सोर्स कपाटातच राहील. जे झालं ते मला शब्दांत लिहायचं आहे, कोणालाही वाचून कळेल असं, परवान्याच्या त्या अटींसारखं.

आतापर्यंत सहा वेळा लिहून खोडला. अकरावा परिच्छेद लिहायचा बाकी आहे.